खुब्यातलं भोक

सांगाड्याचं चौथं बोट अख्ख्या हातापेक्षा लांब.

ताईच्या फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या तीन कुप्या. एकीचंही सील तुटलेलं नाही.

बिनवार्निशचं कच्चं प्लास्टर जिभेला लावलं तर चिकटतं, पाण्यासाठी इतकं टपलेलं असतं ते.

‘‘ढकलू नका हो, देव काय पळून जातोय?’’

रांग सभागृहातून निघून चपलांच्या दुकानाला वळसा घालून पार दवाखान्याच्या दारापर्यंत गेली होती. दवाखाना ओस पडलेला. साचेवाला मात्र रांगेला न लागता कडेकडेने, चोरासारखा पुढे सरकत होता.

व्यासपीठावर पंख पसरलेला सांगाडा आणि शेजारी पंखबाबा. सांगाड्याच्या खुब्यातून, मांडी धडाला जोडलेली असते तिथून, थेंब थेंब पाणी परातीत पडत होतं.

‘‘हा उडणारा डायनासोर,’’ पंखबाबा माइकला ओठ चिकटवून सांगत होता. ‘‘साडेसहा कोटी वर्षं उपाशी आहे बिचारा. तुम्हाला चार दिवस पथ्य पाळवत नाही. याचं पाणी प्यायल्यावर साखर राहील कुठे?’’

पहिल्या ओळीत साचेवाल्याची ताई बसली होती, पाय स्टुलावर ठेवून. अंगठा काळा पडत चालला होता.

‘‘आलास? बस. बाबा म्हणतात, काळं दिसतंय म्हणजे रोग बाहेर पडतोय.’’

‘‘आणि डॉक्टर?’’

‘‘आठवडाभर असंच राहिलं तर पाय जाईल म्हणाले. गिऱ्हाईक तुटलंय ना त्यांचं.’’

‘‘ताई, ते पाणी...’’

‘‘चांगलं बोलायचं असेल तर तोंड उघड.’’

त्याने मिटलं. महिनाभर मिटलेलंच होतं.

संग्रहालयात तो हाडांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती बनवायचा. हा सांगाडा त्याचाच. गेल्या वर्षी तो पाहून संग्रहालयाच्या बाईंनी कपाळाला हात लावला होता.

‘‘खुब्याच्या खोबणीला आरपार भोक पाडलंत?’’

‘‘शेजारच्या डायनासोरला आहे की, बाई. त्याचंच बघून केलं.’’

‘‘डायनासोरला असतंच. पण हा डायनासोर नाही. त्यांचा चुलतभाऊ म्हणा, त्याच काळात राहिलेला. हा चौथ्या बोटावर पंख ताणून उडणारा सरीसृप. याची खोबण वाटीसारखी, तळ असलेली.’’

त्याने घाईघाईने भोक प्लास्टरने बुजवलं. वार्निश द्यायचं राहून गेलं. बाईंना ठिगळ लगेच दिसलं. फोडून टाका म्हणाल्या. स्वतःच्या हातचं काम त्याला फोडवेना. मांडवाची सजावट करणारा एक जण शोभेला मागत होता, त्याला गुपचूप देऊन टाकलं. सजावटवाल्याचा पंखबाबा व्हायला फार दिवस लागले नाहीत.

ताईने पाय जरा हलवला आणि ओठ दाबून धरले. साचेवाला उठला, तडक व्यासपीठावर चढला.

‘‘हा मी बनवलाय,’’ तो म्हणाला.

‘‘बनवणारा वर बसलाय, भाऊ,’’ पंखबाबा हसला.

‘‘त्याने बनवला असता तर चुकला नसता. हा डायनासोरही नाही आणि हाडंही नाहीत. संग्रहालयातून मी चोरून दिलेलं प्लास्टर आहे.’’

त्याने सांगाड्याचं डोकं पिळून मानेपासून काढलं. ने-आण करायला त्यानेच ते सुटं ठेवलं होतं. पुढच्या दोघांना बोलावून आत बघायला लावलं. पोकळ धड पाण्याने भरलेलं.

‘‘आतलं प्लास्टर पाणी पितं. बाहेरून सगळीकडे वार्निश आहे, म्हणून ते कुठेच पाझरत नाही. फक्त माझ्या ठिगळावर वार्निश नाही.’’

खिशातली मेणबत्ती काढून त्याने ठिगळ पुसलं आणि मेण घासघासून चोपडलं. सगळे परातीकडे बघत राहिले. थेंब पडला नाही. पंखबाबा माइकची वायर गुंडाळायला लागला.

‘‘तुला आधीपासून माहीत होतं?’’ ताईने बसल्या जागेवरून विचारलं.

‘‘नोकरी गेली असती, ताई.’’

पाय हाताने उचलून तिने खाली ठेवला. मग म्हणाली, ‘‘गाडी बघ. दवाखान्यात जायचंय.’’

दाराशी एका म्हाताऱ्याने त्याला अडवलं. ‘‘मग आता विश्वास ठेवायचा कशावर?’’

‘‘माझ्यावरही ठेवू नका, आजोबा. उघडून बघा. उघडू देत नसतील तर पाणी पिऊ नका, आणि काही झालं तरी औषध थांबवू नका.’’

संग्रहालयाने त्याला काढलं. ताईचा अंगठा गेला, पाय वाचला.

महिन्यापूर्वी पाण्याची पहिली बाटली तिला त्यानेच भरून आणून दिली होती.