एकट्याने उचलायचा हिच

ग्लेंडाच्या मनात पाल चुकचुकली ती हिचवरून. पिकअपच्या हौद्यात बसवून त्याला ट्रेलर जोडायचा, ते हे लोखंडी धूड. म्हणतात पाचवं चाक, पण चाकाचा पत्ता नाही. घर विकून झालं होतं. सोमवारी किल्ल्या देऊन ट्रेलरमध्येच संसार थाटायचा आणि रस्त्याला लागायचं, ही तिची उभ्या जन्माची हौस. आणि तिचा नवरा रॉइस ऐनवेळी घोळ घालत बसला होता.

"एवढ्या ट्रेलरला हा घ्या," दुकानदार टकर म्हणाला. "एकदा बसवला की बघायला नको."

"काढता येतो?" रॉइसने विचारलं.

"येतो, पण दोन गडी लागतात."

"मग हलका दाखव. एकट्याला उचलवेल असा."

झालं! ज्याला जायचंय तो हिच काढायच्या गोष्टी कशाला करेल? हा माघारी फिरणार, अगदी लिहून घ्या. हल्ली पाठ धरल्याचं सांगून गाडीही तिलाच चालवायला लावायचा. सगळी नाटकं मेल्याची.

टकरने ॲल्युमिनियमचा हिच आणला. "ओझं तेवढंच पेलतो," तो म्हणाला.

"ग्लेंडा, उचल बघू."

"मी? तुझे हात काय भाड्याने दिलेत?"

"उचल तर."

तिने करवादत उचलला. सहज उचलला गेला.

नव्या गाडीच्या हौद्याला हिच बसवायला कंपनीनेच चार भोकं ठेवलेली असतात, वर टोपणं. ती काढायला रॉइस वाकला. त्याचा तळवा पत्र्यावर चाचपत फिरला आणि ढळढळीत पिवळ्या टोपणाशेजारून पुढे गेला. टोमणा ग्लेंडाच्या ओठांवरच राहिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"हिवाळ्यापासून. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. सुधारायचं नाही म्हणे डॉक्टर. हिच काढणं-घालणं पुढे तुलाच एकटीला करायचंय."

"आणि मला आत्ता सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं तर तू घर विकलं असतंस?"

नसतंच विकलं. त्याच्या कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. तिने हिच खाली ठेवला, त्याचा हात धरला.

"थोडं डावीकडे," ती म्हणाली. टोपण त्याच्या बोटांना लागलं.

मग ती टकरकडे वळली. "हाच दे. आणि गाडीचे आरसे माझ्या उंचीला लावून दे."