कपारीतली पिलं

"भिंतीला तडा गेलाय. पंधरा दिवस सुरुंग लावता येणार नाही," सुरुंगवाल्यानं वर न बघताच सांगितलं. मुकादमानं कपाळावर हात मारला.

रोगाच्या साथीपायी खाण अडीच महिने बंद होती. कालच परवानगी आली होती, अन् खडी फोडणारी बारा घरं हातोड्यांना नवे दांडे ठोकून उजाडल्यापासून येऊन बसली होती. पण सुरुंगवाल्याच्या शब्दापुढं कोण बोलणार? त्याचा अंदाज चुकला तर माणसं जातात. शिवाय कधी खोटं न बोलणाऱ्याचं खोटं लोकांना लवकर पचतं.

भिंत ठणठणीत होती. सुरुंगाच्या भोकांच्या जागा बघायला तो दोराला लोंबकळत उतरला, तेव्हा कपारीत घुबडाची दोन पिलं दिसली होती. कापसाच्या बोळ्यांएवढी, डोळे वटारून बघणारी. खाण थांबल्यापासून झाडांवरची पांढरी धूळ झडली होती, खड्ड्यातलं पाणी नितळ झालं होतं, त्याची स्वतःची छातीही मोकळी झाली होती. पिलांकडं बघून तो एकही खूण न करता तसाच वर चढला. पण घुबडासाठी काम थांबवा म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच दगडानं हाणलं असतं.

शेजारी त्याची चुलत भावजय राहायची. नवरा साथीत गेलेला, पदरात दोन पोरी, पोट खडी फोडण्यावरच. सहाव्या दिवशी तिच्या दारातली शेळी दिसेना. विकली, बायकोनं सांगितलं. धाकटी त्याच दुधावर होती, आता आई तिला कोऱ्या चहावर निजवते.

 इकडं आड, तिकडं विहीर. तरी तो गप्पच बसला. घरातलं पसाभर धान्य तेवढं बायकोच्या हातून धाडत राहिला. भाऊजींसारखा माणूस शोधून सापडायचा नाही, असं भावजय साऱ्यांना सांगायची. ते कानावर आलं की तो उठून परसात जायचा.

सोळाव्या दिवशी कपार रिकामी दिसली. त्यानं सुरुंग उडवला. दुपारपर्यंत झाडं पुन्हा पांढरी झाली अन् खाणभर हातोडे वाजू लागले.

तो भावजयीपाशी गेला. उकिडवं बसून सगळं सांगून टाकलं. तिचा हातोडा थांबला नाही.

"किती पिलं होती?"

"दोन."

"माझ्याही दोनच आहेत, भाऊजी. त्या तर तुम्हाला रोज दिसत होत्या."

ती शिव्या देईल, निदान रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं पुढचा दगड ओढला. जवळच तिच्या नवऱ्याचा हातोडा पडला होता. त्यानं तो उचलला अन् फोडायला बसला. तिनं बसा म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. दोन तासांत त्याच्या तळव्याला फोड आले.

दिवस कलला तसं तिनं दोघांचे ढीग एकत्र लोटले, पाटी झटकली.

"उद्या लवकर या," एवढंच म्हणाली.