माझ्या डाव्या दंडातली नाडी

मित्रांनो, मी आजवर किती वेळा मेलो ते विचारू नका. मोजणं मी केव्हाच सोडलं. मी एक जुना रबरी बाहुला आहे. लहान मुलांच्या नर्स होऊ पाहणाऱ्या मुलींचा हात माझ्यावर बसतो.

कारखान्यात मला फुगणारी छाती मिळाली आणि दोन्ही दंडांत बारीक नळ्या, कारण तान्ह्या बाळाची नाडी दंडातच बघतात. बाहेरून रबरी फुगा दाबत राहिलं की माझी नाडी लागते. दाबणं थांबलं की मी गेलो! सुरुवातीला माझी बडदास्त होती. मुली हात धुऊन मला उचलत, मान सांभाळत.

पुढे डाव्या दंडातली नळी चिरली. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "डावा हात सोडा गं. उजवीकडेच बघा." आज बदलू, उद्या बदलू, करता करता ते राहूनच गेलं. मुलींच्या तुकड्या आल्या नि गेल्या. डावीकडे कुणी बोट लावेना. मला त्याचं काही नव्हतं, रबराला कसलं आलंय सुखदुःख!

त्या मुलींतच एक चिमणी होती. आवाज बारीक म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. हात मात्र पक्का. शिकून ती वॉर्डात लागली आणि थोड्याच दिवसांत रडत सरावाच्या खोलीत आली.

"मॅडम, मी नोकरी सोडते."

"अगं, झालं काय?"

"बाळ निपचित पडलेलं. मी उजवा दंड धरला. त्यावर सलाईनची पट्टी पार वरपर्यंत बांधलेली, नाडी लागेना. मी ओरडले, नाडी नाही! त्याची आई जागच्या जागी कोसळली, कपाळाला टाके पडले. मोठ्या सिस्टरनी डावा दंड धरला, तर नाडी छान चालू. बाळ तापाच्या गुंगीत होतं. मला डावा हात सुचलाच नाही हो."

मॅडमनी माझा डावा दंड हातात घेतला.

"सुचणार कसा? तो सोडायला मीच शिकवलं ना."

त्यांनी तिथल्या तिथे माझी रबरी कातडी सोडवली, नवी नळी बसवली. मग चिमणीची बोटं माझ्या डाव्या दंडावर ठेवून फुगा दाबू लागल्या.

"लागली?"

"लागली."

"मग उद्या कामावर जा. आधी त्या आईला भेटू. मीही येते."

मित्रांनो, शिकायच्या वस्तू 'चालतंय की' म्हणून मोडक्या ठेवू नका. मला मोडलं तरी दुखत नाही. पण माझ्यातली खोट शिकणाऱ्याच्या बोटांत उतरते, आणि ती बोटं एक दिवस जिवंत बाळाच्या दंडावर टेकतात.