टाकीतला पाचवा मासा

कल्पना करा, तुमचे दोन्ही हात कोपरापर्यंत खड्यांनी भरलेल्या बादलीत आहेत. खडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे. तुम्ही ते ढवळता, वर आलेले गढूळ पाणी ओतून देता, नवे पाणी घेता, पुन्हा ढवळता. असे सहा वेळा झाले आहे. बोटे सुरकुतली आहेत, पाठ दुखते आहे, आणि समोर पाटावर बसलेले आजोबा काही केल्या उठायचे नाव घेत नाहीत.

प्रणालीचे त्या दिवशी असेच झाले होते.

"आबाजी, झाले आता साफ. किती धुवाचे?"

"बादलीच्या तळाशी तुया हात दिसते काय?"

तिने वाकून पाहिले. "नाई दिसत."

"मंग?"

तिने सातव्यांदा पाणी ओतले. आबाजी, म्हणजे खुशालराव, बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मूर्तिजापुरात त्यांच्या हाताखालून गेलेली निम्मी माणसे सापडतील. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. एवढेच, की कुणाचे अर्धे काम त्यांनी कधी पुरे मानले नाही. आणि कोणी प्रश्न विचारला, तर हातातला चहा खाली ठेवून उत्तर दिले.

दोन वर्षांपासून प्रणाली माशांची टाकी मागत होती. आजी, गोदाबाई, दर वेळी एकच म्हणायच्या, "घरात काय मासोयांचा बाजार भरवाचा हाय?" आणि विषय तिथेच संपायचा. मग या फेब्रुवारीत एके दिवशी जेवता जेवता आजी स्वतःच म्हणाल्या, "आणा बाप्पा टाकी. पोरीची हौस तरी होइन." प्रणालीचा घास हातातच राहिला. तिने बाबांकडे पाहिले. बाबाही चकित झालेले दिसले. आबाजी तेवढे ताटाकडे पाहून भात कालवत होते.

त्याच आठवड्यात बाबांची तारीख ठरली होती. बाबा, विपुल, अलीकडे जिना चढताना मध्येच थांबत, कठड्याला धरून उगाच खाली रस्त्याकडे पाहत उभे राहत. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. मार्चच्या अखेरीस नागपूरला ऑपरेशन करायचे होते. प्रणालीला वाटले, घरात सगळे काळजीत आहेत म्हणून आजी मऊ झाली असेल. मोठी माणसे काळजीत असली की कधी कधी हो म्हणतात.

खडे धुऊन झाले. दोन फुटांची काचेची टाकी बाहेरच्या खोलीत लाकडी बाकावर ठेवायची होती. आबाजींनी आधी बाकावर थर्माकोल अंथरला.

"हे काहून?"

"काच कडक असते, पण तिले खालून टोचलेलं सहन होत नाई. पाणी भरल्यावर ह्या टाकीचं वजन मायापेक्षाही जास्त होइन. खाली एक खडा राहिला तं त्याच जागी तडा जाइन."

मग खडे पसरले, त्यावर एक ताटली ठेवली आणि ताटलीवर हळूहळू पाणी ओतले. ताटलीवरून पाणी पसरत गेले. खाली एकही खडा हलला नाही. पाणी नळाचे होते, पण दोन दिवस ड्रममध्ये उघडे ठेवलेले. नळाच्या पाण्यात औषध असते, ते माणसाला चालते, माशांच्या कल्ल्यांना जाळते. ते उडून जाऊ द्यायचे. शेवटी कोपऱ्यात फिल्टर बसवला. आबाजींनी सोफा सरकवला, त्यामागच्या भिंतीवरचे बटण दाबले आणि पाण्यात बुडबुड्यांची एक दोरी उभी राहिली.

"आता मासे?"

"आता थांबाचं," आबाजी म्हणाले. "तीन आठवडे."

हे तीन आठवडे प्रणालीला फार जड गेले. वर्गातली आचल टाकी पाहायला म्हणून आली. दोन मिनिटे काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "काय व, पाणी पाळलं काय तुमी?" दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या मुली तिला विचारत होत्या, पाण्याने अंडी दिली का म्हणून.

ती रडवेली होऊन घरी आली तेव्हा आबाजींनी तिला फिल्टरमधला स्पंज दाखवला. "सांगजो तिले, आमी डोळ्याले दिसत नाई ते पाळून राहिलो. ह्याच्यात लाखो जीव वाढून राहिले. मासे पाण्यात घाण करते, ती घाण त्यांच्यासाठीच विष असते. हे बारके जीव ते विष खाते. पण त्यायले वाहतं पाणी लागते. म्हणून हे बटण कधीच बंद करायचं नाई. दिवसा नाई, रात्री नाई, गावाले गेलो तरी नाई. समजलं?"

"कोणीच नाई?"

"कोणीच नाई."

तिने पाटीवर तारखा लिहिल्या आणि रोज एक खोडत गेली. बाविसाव्या दिवशी दोघे बसने अकोल्याला गेले. माशांचे दुकान शेखर नावाच्या एका माणसाचे होते. तोही आबाजींचा विद्यार्थी. त्याने सरांना खुर्ची दिली, चहा मागवला. प्रणालीने केशरी गोल्डफिश निवडले, अगदी सावकाश, एकेकाचे पोहणे पाहून. चार झाले.

"आणि एक काळा, सर?" शेखरने विचारले.

"एक काळा दे," आबाजी म्हणाले.

काळा मासा मखमलीच्या चिंधीसारखा होता. डोळे दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, पोहणे जरा वेडेवाकडे. प्रणालीला पाहताक्षणी हसू आले.

"सगळेच एक काळा नेतात," शेखर तिला सांगू लागला. "म्हणजे कसं, घरावर काही—"

"पिशवी नीट बांध, शेखर," आबाजी म्हणाले. "बसमध्ये हलते ते."

घरी आल्यावर पिशव्या तशाच टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवायच्या, आतले आणि बाहेरचे पाणी सारखे गरम झाले की मगच सोडायचे, हे प्रणालीला आता सांगावे लागले नाही. काळा सगळ्यात शेवटी बाहेर आला.

तो बाबांचा लाडका झाला. बाबा संध्याकाळी सोफ्यावर टेकून बसत आणि काचेवर बोट फिरवत. काळा मासा डुलत डुलत बोटामागे यायचा. "हा मायासारखाच हाय," बाबा म्हणायचे. "दोन पावलं चालला का थांबते."

शेजारच्या तानुबाई रोज सकाळी कढीपत्ता तोडायला येत. आधी कधी त्या पायरीच्या आत येत नसत. आता आत येऊन, टाकीसमोर उभ्या राहून विचारत, "हाय काय व तो काळा अजून?"

"हाय ना! चांगला गोलमटोल झाला," प्रणाली अभिमानाने सांगायची.

तानुबाई आजीकडे बघत. आजी तांदूळ निवडत असत; त्या वर पाहत नसत. प्रणालीला वाटायचे, आपल्या माशावर सगळ्यात जास्त जीव कुणाचा असेल तर तो तानुबाईंचा.

रविवारी आईबाबा नागपूरला गेले. ऑपरेशन मंगळवारी होते. मंगळवारी सकाळी प्रणालीने माशांना दाणे घातले. दप्तर घेऊन निघताना आबाजींना म्हणाली, "फोन आला का शाळेत सांगाले या. मी बाईंले सांगून ठेवते." आबाजींनी मान डोलावली.

आबाजी शाळेत आले नाहीत. पाच वाजता ती धावतच घरी आली तर आजी दारातच साखरेची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"तोंड गोड कर माय. झालं तुया बापाचं आपरेशन. आता अठ्ठेचाळीस तास लक्ष ठेवाचं म्हणते डॉक्टर. पण शुद्धीवर आला. तुयं नाव घेतलं म्हणे."

प्रणालीने आजीला मिठी मारली, त्यात वाटीतली अर्धी साखर सांडली. दप्तर तिथेच टाकून ती टाकीकडे पळाली. काळ्या माशाला सांगायचे होते.

खोलीत काहीतरी कमी होते. पंखा फिरत होता. पण त्या पंख्याखाली महिना-दीड महिना सतत चाललेली जी बारीक घरघर होती, ती नव्हती. बुडबुड्यांची दोरी नव्हती. पाणी ताटात ठेवल्यासारखे स्थिर होते. पाचही मासे वर, अगदी पाण्याच्या कडेला, तोंडे उघडून लागोपाठ हवा गिळत होते. काळा एका अंगावर कलला होता.

ती सोफ्यावर चढली आणि मागे हात घालू लागली.

"प्रणाली, राहू दे!" आजी ओरडल्या.

तिचा हात थांबला. "काहून?"

"राहू दे म्हटलं ना. जाऊ दे त्याले." आजींचा आवाज खाली आला. "त्याच्यासाठीच तं आणला त्याले. घरावरची बला काळा मासा आपल्या अंगावर घेते नि जाते. तानुबाईच्या भावाचं तसंच झालं. अजून अठ्ठेचाळीस तास हायेत पोरी. तुया बापापेक्षा मासा मोठा हाय काय?"

प्रणाली सोफ्यावर गुडघे टेकून तशीच राहिली. टाकी आणा म्हणणारी आजी, शेखरचे अर्धे राहिलेले वाक्य, रोज सकाळी येणाऱ्या तानुबाई. एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांसमोरून सरकत गेली.

"तूनं बंद केलं, आजी?"

"मी कायले हात लावू? मले त्या बटनाची भीती वाटते. अन् हा सोफा सरकते काय माया हातानं?"

प्रणालीने मान वळवली.

आबाजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हातांत फोन धरलेला. लाइट गेली होती, असे ते म्हणू शकले असते. ते खोटे बोलले नाहीत.

"तू शाळेत गेल्यावर," ते म्हणाले. "साडेअकराले विपुलले आत नेलं. फोन आला का, आत नेलं म्हणून. मंग बसवेना... मीच बटण बंद केलं."



"आबाजी, मासा मेला तं बाबा बरे होते काय?"

खुशालरावांनी चष्मा काढला, तसाच मांडीवर ठेवला. चष्म्याविना त्यांचे डोळे लहान आणि परके दिसत होते.

"नाई होत," ते म्हणाले. "मले माहीत हाय, नाई होत."

"मंग?"

बत्तीस वर्षांत असा प्रश्न त्यांच्यापुढे आला नव्हता. त्यांनी मांडीवरचा चष्मा उचलून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

प्रणालीने सोफ्यामागे हात घालून बटण दाबले. घरघर सुरू झाली. मग ती मोरीतून दोन दिवस उघड्या ठेवलेल्या पाण्याची बादली ओढत घेऊन आली. टाकीतले चार मग पाणी काढायचे, चार मग नवे घालायचे. आबाजी उठून बादलीला हात लावायला आले.

"मी उचलते," ती म्हणाली.

आजी आत गेल्या. देवघरात काडेपेटीच्या काड्या ओढल्याचा आवाज आला. एक विझली, दुसरी ओढली.

बऱ्याच वेळाने केशरी मासे एकेक करून खाली गेले. काळा शेवटपर्यंत वरच होता. मग त्याचे शेपूट एकदा हलले, तो सरळ झाला आणि टाकीच्या मध्यावर येऊन थांबला. बरा झाला का, हे अजून सांगता येत नव्हते. एवढे तिला आबाजींनीच शिकवले होते, की अशा वेळी लगेच काही म्हणायचे नसते.

ती उठली. टेबलाचा खण उघडून तिने वह्यांना कव्हर घालायची रुंद, तपकिरी चिकटपट्टी काढली. सोफ्यावर चढली. पट्टीचे टोक नखाने सोडवले, चालू केलेल्या बटणावर दाबून धरले आणि दातांनी तोडू पाहिले. पट्टी जाड होती, तुटेना.

तिने मागे न वळता पट्टीचे वेटोळे खांद्यावरून मागे धरले.

"आबाजी, कापून द्या."

खुशालराव कात्री घेऊन आले. त्यांनी पट्टी ओढली, कापली. तुकडा तिरका आला. प्रणालीने तो बटणावर आडवा चिकटवला, अंगठ्याने घासून घासून बसवला, आणि पुढच्या तुकड्यासाठी हात तसाच मागे केला.