दुसरा कागद

"झाली तुमची दोन मिनिटं, बाई," अध्यक्ष हॉलक्विस्ट म्हणाले. "बाकीचं लेखी द्या. रेकॉर्डवर घेऊ."

युनिस ब्रान्वोल्डचा अजून पहिलाच कागद चालला होता. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई सहा तास बसने राजधानीत आली होती. तिची ट्रेलरची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, वस्ती ज्या जमिनीवर, ती बँकेने एका कंपनीला विकायला काढली होती. ऑक्टोबरअखेर सगळ्यांनी उठायचे होते. जमीन घेण्याचा पहिला हक्क रहिवाशांना देणारे विधेयक आज समितीने पुढे पाठवले, तरच घरे वाचणार होती.

समिती होती विधिमंडळाची, बँका आणि घरांवर देखरेख ठेवणारी. देखरेख कसली डोंबलाची! बँकेच्या वकिलाला वीस मिनिटे कोणी टोकले नाही. खाली बँकवाल्यांच्या संघटनेचे जेवण मांडल्याचे कळताच नऊच्या नऊ सभासद उठले. समितीचा कारकून ऑर्विल टेश एकतीस वर्षे हे बघत होता आणि आता त्याला नुसती किळस येई.

दोन वाजता मंडळी तोंडे पुसत परतली. "अधिक अभ्यास हवा," म्हणत अध्यक्षांनी विधेयक जानेवारीवर ढकलले. कोणाची हरकत नव्हती. चार मिनिटांत दालन रिकामे झाले.

युनिस मात्र जागची हलली नाही. "जानेवारीत आम्ही असणार कुठं? आणि मी बोलले ते?"

"रेकॉर्डवर आहे."

"वाचतं कोण?"

ऑर्विलच्या तोंडी ठरलेले उत्तर आले होते. ते त्याने गिळले. "कोणीच नाही, बाई."

"मग दुसरा कागद घेऊन कशाला मरायला आले मी?"

"काय आहे त्यात?"

"नावं. बेचाळीस घरांची."

ऑर्विलने हात पुढे केला. सभासदांची हजेरी तो ज्या चढ्या आवाजात पुकारी, त्याच आवाजात, उभा राहून, रिकाम्या खुर्च्यांकडे बघत वाचू लागला.

"लॉइड पेटिट."

युनिस क्षणभर बावरली. मग तिने पाठ ताठ केली आणि त्याच्या वतीने ओ दिली. "हजर."

"मार्व्हिन आणि डोरीन सॉक."

"डोरीन हजर. मार्व्हिन मेमध्ये गेला."

ऑर्विलने पेन काढून तशी नोंद केली. बाहेर सफाईवाला झाडू घेऊन खोळंबला, तरी त्याने घाई केली नाही. बेचाळिसावे नाव शेवटी आले.

"युनिस ब्रान्वोल्ड."

"आहे अजून," ती म्हणाली.