ओट्सचं माप

"चारशे ग्राम टाकू का पाचशे? सांग की."

"मला काय इचारता? म्या कदी दारू केली का?" रतनबाई तांदूळ निवडत म्हणाली.

"दारू न्हाई गं, बिअर हाय. काळी. स्टाऊट म्हंत्यात."

पुण्यात बिअर बनवण्याच्या नोकरीला लागलेल्या अंगदने बापासाठी चार किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, अन् दोन किलो ओट्स पाठवले होते. ओट्स कमी पडले तर बिअर पानचट, जास्त झाले तर भांड्यात खीर. सुग्रीवने शंभर ग्रामवर अर्धा तास घोळ घातला अन् शेवटी लेकाचं ऐकलं. चारशेच.

तसा माणूस मापाला पक्का. माजलगावकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत त्याची एकतीस वर्षं गेली होती. तिथे हौद धुवायला माणसं आत उतरली की गॅसच्या नळाची वरची झडप बंद आहे ना, हे पाहायचं काम त्याचं. झडप उघडी राहिली तर हौदात गॅस भरतो अन् आतला माणूस ओरडतसुद्धा नाही, नुसता खाली बसतो. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, पण माणसं कमी पडली म्हणून तिथला मुकादम, गावातलाच बंकट, याने त्याला परत बोलावलं होतं. उद्यापासून पाळी.

शंभर ग्रामची वाटी भरून त्याने गरम पाण्यातल्या माल्टवर ओतली. "लाभ." पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, ही त्याच्या आईची शिकवण. "दोन. तीन. चार." मग त्याने थर्मामीटर पाहिला, गॅस बारीक केला अन् पुन्हा वाटी उचलली.

"लाभ."

रतनबाईचा हात सुपातच थांबला. वाटलं, काहीतरी हिशोब असेल. मोजताना त्याला टोकायची पद्धत या घरात नव्हतीच. पुन्हा चार वाट्या झाल्या. तो बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आला.

"लाभ."

तिने सूप बाजूला ठेवलं. आणि चौथ्यांदा "लाभ" आलं तेव्हा ती देवाचं नाव घेऊ लागली.

भांड्यात घाटा उभा राहिला. कालथा हलेना.

"हे कुनी केलं?"

"म्या टाकले जास्तीचे," ती पटकन म्हणाली. "तुमी भायेर गेलते तवा."

"कावून हात लावलास? तरी म्हनलं, माजं माप चुकायचं न्हाई!" तो चिडला, पण चेहरा केवढा खुलला. उद्याचा डबा लवकर कर, असंही सांगून मोकळा झाला.

डबा. रतनबाईला हौदात उतरणारी बायकापोरांची माणसं दिसली. खोटं बोलून आपण कुणाच्या जिवावर उठलोय, हे तिला कळलं.

"अवो," ती म्हणाली, "म्या न्हाई टाकले. तुमीच टाकले. चारदा."

त्याने ओट्सची पिशवी काट्यावर ठेवली. दोन किलोतले उरले होते चारशे ग्राम. काट्याशी तो जन्मात कधी भांडला नव्हता.

त्याने फोन लावला.

"बंकट, उद्या दुसरं मानूस बघ बे. माजा गुडगा लई दुखायलाय."

मग भांडं घेऊन तो उकिरड्याकडे निघाला. वाटेत बंकटचं घर होतं. तिथून जाताना सुग्रीव लंगडत गेला.