बटण बंद, तरी सहा

शाइस्ताच्या रागाला त्या दिवशी दोन वायरी जोडल्या असत्या, तर विश्रांतवाडीपासून आळंदीपर्यंतचे रस्त्यावरचे दिवे भरदुपारी लागले असते. डिसेंबरातली कोरडी हवा, त्यात हिचा श्वास असा गरम, की शेजारच्या टेबलावरची मुलं स्वेटर काढून बसली.

झालं होतं एवढंच, की श्यामसुंदर सरांनी तिच्या जर्नलवर तांबडी फुली मारली होती. ओहमच्या नियमाचं प्रॅक्टिकल. सहीचा आज शेवटचा दिवस. सही नाही तर परीक्षा नाही.

"बटण बंद, व्होल्टेज शून्य, करंट सहा मिलिअँपियर," सरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "शाइस्ताताई, आपण सरकारला कळवलंत का? उगाच धरणं बांधत बसलेत बिचारे."

लॅब हसली.

"सर, काटा सहावर होता. तेच लिहिलं."

"सीनियरची जर्नल नाही मिळाली? शून्याला शून्य, पाचाला पाच, दहाला दहा. बारा वर्षं मुलं हेच लिहितात आणि मी सही करतो."

"मग मीटर कशाला ठेवलाय?"

"तुला विचारून ठेवायला हवा होता. चुकलंच."

ती पाय आपटत टेबलाशी आली. सगळ्या वर्गाला मिळून मीटर हा एकच. अब्बांचं, इम्तियाजभाईंचं, मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. मीटर खोटं दाखवत असेल तर मीटर उघडायचा, वही खोडायची नाही, हे ती दुकानात बसून शिकली होती. तिने हिसका देऊन सगळ्या वायरी उपटल्या. एकही वायर नाही, तरी काटा सहावर ठाण मांडून.

"अगं, दहा-दहा लिही आणि सूट," शेजारी उभी असलेली वर्गातली वल्लरी म्हणाली.

"तू लिही."

तेवढ्यात लॅबच्या मंदाकिनीबाई आल्या. दर तासाला मीटर पुसायचा त्यांना भारी नाद. नायलॉनच्या जुन्या साडीचं फडकं त्यांनी काचेवर असं घासलं, की दुसरा एखादा मीटर असता तर माफी मागून मोकळा झाला असता. काटा सहावरून नऊवर गेला.

शाइस्ता बघत राहिली. फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवायचा, तेच हे. घासून काचेवर चार्ज बसलेला आणि तो काट्याला ओढतोय. तिने वाकून काचेवर तोंडाची वाफ सोडली. काचेवर ओल धरली, चार्ज गेला आणि काटा निमूट शून्यावर येऊन बसला.

वायरी जोडून तिने नव्याने आकडे घेतले. दहा व्होल्टला नऊ पूर्णांक आठ. जर्नल सरांपुढे ठेवली, काय झालं ते सांगितलं.

सरांनी चष्मा पुसला. "बरं. फक्त नऊ पूर्णांक आठचे दहा कर. सुबक दिसतं."

"नाही करणार." तिने जर्नल तशीच सरांपुढे सरकवली. "सर, सकाळपासून काटा सहावर होता. मग आज बाकी एकोणसाठ जणांना शून्याला शून्य कसं मिळालं?"

सरांनी सही केली. अशी दाबून, की ती मागच्या चार पानांवर उमटली.

"बाकीच्यांनी आपापली रीडिंग पुन्हा घ्यायची," ते म्हणाले. "खरी. सहापर्यंत मी इथेच आहे."

एकोणसाठ माना शाइस्ताकडे वळल्या.

"थँक्स हं," वल्लरी दात आवळून म्हणाली. "माझी साडेचारची बस होती."

"वायरी टेबलावर आहेत," शाइस्ता म्हणाली. "आणि फडकं मी घेऊन चाललेय."